लंबकाखालचा डबा

घड्याळजीकडं गिऱ्हाईक येतं ते संशय बरोबर घेऊनच. डॉक्टरकडं जाणारा माणूस निदान "बरं करा" असं म्हणत जातो. आमच्याकडं येणारा म्हणतो, "माझ्यासमोर उघडा." जुन्या घड्याळात माणकं असतात आणि आम्ही ती काढून घेऊन काचेचे मणी बसवतो, असा समज आमच्या भागात इतका पक्का आहे की तो खोडायचा नाद मी केव्हाच सोडला.

माळशिरसकडचे एक ऊसवाले बागाईतदार वडिलांचं भिंतीवरचं घड्याळ घेऊन आले होते. मी ते उघडलं आणि बघतच राहिलो. आतल्या प्रत्येक चाकावर लाल ठिपका! घरातल्या बाईमाणसाची नखं रंगवायची बाटली घेऊन गृहस्थांनी आधी सगळ्या चाकांवर खूण करून ठेवली होती, मी बदललीच तर कळावं म्हणून. दोन चाकांच्या दातांत तो रंग वाळून बसला होता. "हे खरवडल्याशिवाय घड्याळ चालायचं नाही," म्हटलं तर म्हणाले, "तेच म्हणतोय मी! खूण पुसायला बघताय." शेवटी त्यांनी स्वतःच्या हातानं टाचणी घेऊन रंग खरवडला. घड्याळ चाललं. जाताना म्हणाले, "माणूस बरा दिसतोय, पण आपण सावध असलेलं बरं की."

मी तरी कुठं कमी आहे? उभी नोकरी कुर्डुवाडीला रेल्वेत घड्याळांवर काढली. फलाटावरचं घड्याळ चुकलं की स्टेशनमास्तर म्हणणार "आपोआप मागं पडलं." आपोआप काही होत नसतं. घड्याळ बिघडलं तर आत पाल असते, नाहीतर तेलाचा चिकटा असतो, नाहीतर कुणाचं तरी बोट असतं. ते बोट हुडकायची मला सवयच लागली. बायको म्हणते, "तुम्ही देवळातली घंटा वाजली तरी मनगटावर बघता." बघतो. त्यात काय चुकलं?

निवृत्त झाल्यावर सोलापुरात छोटं दुकान टाकलं. शेजारच्या मोबाइल दुरुस्तीवाल्याकडं बसून बसून इलेक्ट्रॉनिक्सही शिकलो आणि जुन्या लंबकाच्या घड्याळांना त्याची जोड द्यायला लागलो. ती भानगड काय असते ते आधी सांगतो, म्हणजे पुढचं कळेल.

लंबक एका लयीत झुलतो आणि त्या लयीवर काटे पुढं सरकतात. लंबकाची दांडी लांबली की घड्याळ मागं पडतं, आखडली की पुढं जातं. आमच्या उन्हाळ्यात दांडी फुगते म्हणून लोक उन्हाळ्याला नावं ठेवतात. पण उन्हानं फरक पडतो तो सेकंदांचा. मिनिटांचा फरक पडला तर समजावं, कारण दुसरंच आहे. मी काय करतो, लंबकाच्या तळाला एक बारीक चुंबक चिकटवतो. त्याच्या खाली, घड्याळाच्या पेटीत, तांब्याच्या तारेचं वेटोळं आणि एक छोटा डबा. डब्याला खरी वेळ मिळते उपग्रहाकडून, त्यासाठी छपरावर एक अँटेना ठेवावी लागते. लंबक जरा मागं राहिला की वेटोळं त्याला हलकेच ओढून घेतं, पुढं पळाला की आवरतं. घड्याळ चालतं ते त्याच्या जुन्या स्प्रिंगवरच. डबा त्याला नुसता वळण लावतो. वीज गेली तरी घड्याळ थांबत नाही.

एका यंत्रमाग कारखान्याच्या मालकांनी मला बोलावलं ते याच कामासाठी. टॉवेलचा कारखाना. मागांच्या खोलीत भिंतीवर जुनं जर्मन घड्याळ, ठोके देणारं. एका बंद पडलेल्या गिरणीच्या लिलावात मालकांच्या वडिलांनी घेतलेलं. कारखान्यात मोबाइल फाटकावर ठेवून आत यायचं, त्यामुळं आत वेळ सांगणारं ते एकच. आणि तिथली रीत अशी की दिवसपाळी संपताना माग थांबवायचा नाही. रात्रपाळीवाला येऊन दिवसवाल्याच्या शेजारी उभा राहायचा. घड्याळात आठ वाजायला लागले की दोघांनी कान द्यायचा, आणि आठव्या ठोक्याला एकानं हात काढायचा, दुसऱ्यानं घालायचा. मजुरी कापडाच्या मापावर. आठव्या ठोक्यापर्यंतचं कापड दिवसवाल्याचं, पुढचं रात्रवाल्याचं. थोरल्या मालकांपासून हे असंच चालत आलेलं.

भांडण होतं एका मागावरचं. दिवसाला अंबादास, रात्री नरसय्या. दोघंही तेलुगू घरचे, लहानपणापासून एका गल्लीत वाढलेले. नुकतीच दोघांत सोयरीक ठरली होती. नरसय्याची मुलगी श्रीलता अंबादासच्या मुलाला द्यायची, सुपारी फुटली होती, तारीख तेवढी काढायची राहिली होती. आणि नेमकं त्याच वेळी नरसय्याच्या लक्षात आलं की रोज संध्याकाळी कारखान्यातलं घड्याळ तीन-चार मिनिटं मागं असतं.

"सकाळी बरोबर, संध्याकाळी मागं. रोज! रात्री मात्र हलत न्हाय," नरसय्या मला म्हणाला. "दिवसा कोण असतंय हितं? तुमीच सांगा."

"किती कापड होतं तेवढ्यात?" मी विचारलं.

त्यानं हाताचा पंजा दाखवला. "एवढंच. पण सवाल कापडाचा न्हाय. जो मानूस यवढ्याशा कापडासाठी काटा मागं घेतोय, त्याच्या घरात मी पोरगी कशी देऊ?" पुढं तो तेलुगूत काहीतरी पुटपुटला. मला त्यातलं 'दोंगा' तेवढं कळलं. म्हणजे चोर.

अंबादास मागावर उभा होता, त्यालाही ते ऐकू गेलं. तो काही बोलला नाही, पण त्याची मान लाल झाली. खोटं कशाला सांगू, मला वाटलं हाच असणार. गप्प बसणाऱ्यावर माझा संशय आधी जातो.

पण दोन दिवस डब्यातला सेन्सर नुसता लंबकावर लावून ठेवला आणि कोडं सुटलं. घड्याळाच्या भिंतीला लागून असलेली मागांची रांग दिवसा चालायची आणि रात्री माणसं कमी म्हणून बंद असायची. रांग सुरू झाली की भिंत थरथरायची, घड्याळ टांगायचं आकडं ढिलं होतं, आणि लंबक रेंगाळायचा. सकाळी आठला सिद्धप्पा वॉचमन आपल्या मोबाइलवर बघून काटा जागेवर आणायचा, की पुन्हा दिवसभर तेच. चोर सापडला होता, पण त्याला हात नव्हते.

"घड्याळ दुसऱ्या भिंतीवर घ्या," मी मालकांना म्हटलं.

"वडिलांनी टांगलंय, ते तिथंच राहणार," मालक म्हणाले. "तुम्ही तुमची इलेक्ट्रॉनिक काय करामत आहे ती करा."

आकडं घट्ट केलं, डबा बसवला. पण त्यानं संशय मिटेल असं वाटत असेल तर तुम्ही कामगारांना ओळखत नाही. छपरावरच्या अँटेनाची तार मालकांच्या केबिनवरून खाली आणली होती, दुसरीकडून वाटच नव्हती. झालं! "मालक आता आतनं बटन दाबून घड्याळ मागं-पुढं करणार." खरं सांगू का, त्यात काही चूक नव्हती. जो डबा घड्याळाला वेळेवर आणू शकतो तो त्याला वेळेवरून ढळवूही शकतो. मी त्यांच्या जागी असतो तर मीही हेच म्हटलं असतं. म्हणून मी डबा पारदर्शक प्लास्टिकचा केला, तार सगळ्यांसमोर बोटानं धरून छपरापर्यंत चालून दाखवलं, आणि दुपारच्या चहाला सगळ्यांना बोलावून हे सगळं समजावून सांगितलं.

सगळ्यांत जास्त प्रश्न विचारले श्रीलतानं. बारावी झालेली, त्याच कारखान्यात टॉवेलच्या कडा शिवायला बसायची. कापसाचे तंतू उडून घड्याळाच्या काचेवर थर बसतो. तो रोज दुपारी चहाच्या सुट्टीत स्टुलावर चढून पुसायचं काम मालकांनी तिलाच दिलं होतं, हात हलका म्हणून.

"काका, डबा लंबकाला बघतो की काट्याला?"

"लंबकाला. काटा त्याला दिसत नाही."

"मग काटा कुणी हातानं फिरवला तर?"

"तर डब्याला पत्ता लागणार नाही. पण ठोक्याच्या घड्याळाचा काटा तासाच्या पलीकडं मागं नेऊ नये, ठोके चुकतात. मधल्या मधे थोडा सरकला तर काही होत नाही."

एवढी जाण असलेली पोरगी! मला बरं वाटलं. घरी येऊन बायकोला सांगितलंसुद्धा.

घड्याळ काटेकोर चालायला लागलं. नरसय्या सगळ्यांदेखत अंबादासच्या गळ्यात पडला, "चुकलं माझं, व्याही," म्हणाला, आणि दोन्ही घरं तारखेच्या मागं लागली. मालकांनी मला पेढे दिले.

तारीख ठरायच्या बेतात असताना घड्याळ पुन्हा मागं पडायला लागलं. रोज. सकाळी मालक स्वतः काटा जागेवर आणायचे, आणि संध्याकाळी पुन्हा तेवढीच तीन-चार मिनिटं.

आता संशय माझ्यावर आला. मालक म्हणाले, "डबा गंडला." कामगार म्हणाले, "बटन दाबलं." नरसय्या अंबादासकडं बघून म्हणाला, "भिंत थरथरत व्हती म्हनं!" अंबादास पहिल्यांदा बोलला, "लेकरांची शप्पत, मी हात लावला न्हाय." शपथ घेणाऱ्यावर तर माझा त्याहून जास्त संशय.

डबा तपासला. लंबक एक झोकाही चुकलेला नव्हता. लंबक बरोबर आणि काटे मागं, याचा अर्थ एकच. कुणाचं तरी बोट.

दुसऱ्या दिवशी मी घड्याळाखाली खुर्ची टाकून पेपर उघडून बसलो. पेपर वाचत नव्हतो हे सगळ्यांना ठाऊक होतं. अंबादास मागावरून हलला नाही. सिद्धप्पावर माझी नजर होती. डबा आल्यापासून त्याला सकाळी काटा लावायचं काम उरलं नव्हतं, आणि रोजचं काम सुटलं की माणसाचं मन भलतीकडं जातं. तो एकदाच आला, अक्कलकोटकडच्या कानडी हेलात "यान्री, झोप लागली काय?" म्हणून माझी चेष्टा करून गेला. मालक दोनदा केबिनमधून डोकावले. घड्याळाला कुणीही शिवलं नाही. जिवाची शपथ घेऊन सांगितलं असतं, कुणीही नाही. आणि संध्याकाळी घड्याळ मागं!

घरी जाताना स्कूटर सुरू केली आणि तशीच बंद करून उभा राहिलो. कुणीच शिवलं नाही कसं? दुपारी काच पुसली नव्हती का? श्रीलता स्टुलावर चढली, काचेचं दार उघडलं, फडकं फिरवलं. स्टूल डगमगत होतं म्हणून धरलं कुणी? मीच! तिच्या पायांशी वाकून मी स्टूल धरून उभा होतो, आणि माझी नजर सिद्धप्पाकडं होती. स्वतःचा इतका राग मला क्वचितच आला असेल.

दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी मी तिला फाटकाबाहेर गाठलं. म्हटलं, "पोरी, काटा का सरकवतेस?"

तिनं नाकारलं नाही. मग म्हणाली, "मला लग्न नको, काका."

"मुलगा वाईट आहे का?"

"न्हाय. चांगला हाय. मला आत्ता नको, मला शिकायचंय. घरात सांगितलं. आई म्हणाली, सगळ्याच आधी नको म्हणतात. बाबा म्हणाले, सुपारी फुटली." तिचे डोळे भरून आले, पण आवाज हलला नाही. "पहिल्यांदा घड्याळ आपोआप मागं पडलं तवा सगळं थांबलं होतं. मी बोलले तर कुणी ऐकत न्हाय. घड्याळाचं सगळे ऐकतात."

"आणि अंबादास? त्याला चोर म्हणतात सगळे."

त्यावर मात्र ती रडली. "बाबांना सांगू नका," एवढंच म्हणाली. मी कबूल केलं.

आता करायचं काय? मी खरं सांगितलं तर अंबादासवरचा आळ जाणार, आणि पोरीला चार शिव्या घालून त्याच मांडवात उभं करणार. गप्प बसलो तर पोरगी सुटणार आणि एक सरळ माणूस जन्मभर चोर. बायकोला विचारलं. ती म्हणाली, "आयुष्यभर दुसऱ्यांवर संशय घेतलात, आता सापडलं तर पचेना का?"

बापाला सांगणार नाही, असं मी पोरीला कबूल केलं होतं. अंबादासबद्दल काही कबूल केलं नव्हतं. ज्याच्यावर आळ आहे त्याला तरी खरं कळायला हवं, असं म्हणून मी त्याला सकाळी पाळीच्या आधी चहाच्या टपरीवर गाठलं आणि सगळं सांगितलं.

तो आधी माझ्यावरच घसरला. "कुणी पाठवलं तुमाला? नरसय्यानं न्हवं? स्वतःच्या पोरीचं नाव पुढं करून सोयरीक मोडायची, आन् वर मीच पोरीवर आळ घेतला म्हनून बोंब मारायची! लई हुशार हाय तो."

"दुपारी स्वतःच्या डोळ्यांनी बघ," मी म्हटलं.

त्यानं बघितलं. मी पेपरच्या आडून त्याच्याकडं बघत होतो. माग चालू, नजर कापडावर, आणि मधेच एकदा वर. श्रीलतानं काच पुसली, खाली उतरली. अंबादासचा धागा तुटला. इतक्या वर्षांच्या हाताला तो जोडता येईना.

संध्याकाळी नरसय्या येऊन शेजारी उभा राहिला. घड्याळ आठ द्यायला लागलं, अर्थात मागं. आठव्या ठोक्याला नरसय्यानं हात घातला नाही. मालकांना हाक मारून म्हणाला, "या, बघा! आज पुन्हा!" सगळे जमले. श्रीलता घरी जायला निघालेली, दारातच थिजली.

अंबादासनं माग बंद केला. त्या खोलीत पाळी बदलताना माग बंद झालेला कुणी पाहिला नव्हता.

"मीच करतोय," तो म्हणाला. "दुपारी सगळे चहाला गेले की मीच काटा मागं घेतोय. पयल्यापासनं."

नरसय्या इतके दिवस हेच ऐकायला टपला होता. पण ऐकल्यावर त्याचा चेहरा पडला. ओरडलासुद्धा नाही. म्हणाला, "मग सुपारी परत," आणि भिंतीकडं तोंड करून उभा राहिला.

मालक माझ्याकडं वळले. "काय हो, खरंय का? डबा काय म्हणतो?"

"काटा हातानं मागं गेलाय, एवढं डबा सांगतो," मी म्हटलं. "हात कुणाचा ते सांगत नाही."

अंबादासनं माझ्याकडं असं बघितलं की मी पुढचं गिळलं.

बाहेर त्याला गाठून म्हटलं, "हे कशासाठी, बाबा?"

"एवढ्याशा पोरीनं स्टुलावर चढून काटा ढकलायची पाळी आली, म्हंजे तिचं कुणीच ऐकलं न्हाय की. त्या न ऐकनाऱ्यात मी बी हाय. सुपारी मीच फोडली न्हवं का? तिला कुणी विचारलं? मी न्हाय विचारलं." मग चप्पल पायात सरकवत म्हणाला, "आनि हे बघा, तुमी गप बसायचं. न्हाय तर तुमचा डबा मीच फोडीन."

मालकांनी त्याला काढलं नाही, पण तोच गेला. दुसरीकडं माग बघितला. घड्याळ मात्र तेव्हापासून सेकंदालाही चुकलेलं नाही. आणि नरसय्या भेटेल त्याला सांगत सुटला की घड्याळवाल्या काकांच्या डब्यानं चोर पकडला. त्यावर मला तीन कारखान्यांची कामं मिळाली. ती मी केली. चांगली केली. पण त्यातलं एकही सांगताना मला छाती पुढं काढता येत नाही.

खरा चटका पुढंच बसला. गेल्या वर्षी दुकानात दोन अनोळखी माणसं आली. घड्याळ आणलं नव्हतं. एक म्हणाला, "आमच्या भाचीला अंबादासच्या पोराचं स्थळ आलंय. तुमी त्यांना पकडलं म्हनं काटा फिरवताना. जरा चौकशी करावी म्हटलं."

मी म्हटलं, "माझी मुलगी असती तर त्या घरात डोळे झाकून दिली असती."

दोघांनी एकमेकांकडं बघितलं. "तुमीच पकडलं, आन् तुमीच असं सांगताय?"

"मी पकडलं नाही."

"मग कुणी पकडलं?"

मी टेबलावरचं घड्याळ उघडायला घेतलं. त्यांनी चहा अर्धाच ठेवला. जाताना दुसरा म्हणाला, "किती दिलं त्यानं तुमाला, काका?" स्थळ मोडलं. ऐकतो की त्याच्या आधीचंही असंच मोडलं होतं.

हे श्रीलताला कुठून कळलं ते मला माहीत नाही. ती आता इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा करते, फी स्वतः शिवणकाम करून भरते. महिन्यापूर्वी दुकानात आली, समोरच्या स्टुलावर बसली आणि विचारलं, "काका, तुम्ही दिवाळी अंकात लिहिता ना?"

"कधीमधी."

"मग हे लिहा."

मी म्हटलं, "वेडी आहेस का? बाप काय म्हणेल? लोक काय म्हणतील? तुझं पुढं कसं जमेल?"

"त्यांच्या पोराचं जमत न्हाय ते माझ्यामुळं. लिहा."

मी पुष्कळ समजावलं. शेवटी म्हटलं, बरं, लिहितो, पण नावं बदलून. कारखाना कुठला ते सांगणार नाही, घरं ओळखू येणार नाहीत, सगळ्यांची नावं दुसरी घालीन. ती ऐकत होती. मग उठली, पर्स खांद्याला लावली.

"बाकीच्यांची बदला," ती म्हणाली. "माझं बदलू नका."

म्हणून वर श्रीलता हे नाव तेवढं खरं आहे.